विलायतेहून पत्र येणार नाही

एखादा जुना पूल कोसळला की आठवड्याभरात एक गोष्ट गावोगाव फिरू लागते. पुलाला शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा तो बांधणाऱ्या विलायतेतल्या कंपनीचं आपल्या सरकारला पत्र आलं होतं. पुलाची मुदत संपली, आता वाहतूक बंद करा, असं त्यात बजावलं होतं. आणि आपल्या साहेबांनी ते पत्र फायलीला लावून टाकलं. पुलाचं नाव बदलतं, जिल्हा बदलतो, गोष्ट तीच राहते. मी ती एसटीत ऐकली, लग्नाच्या पंगतीत ऐकली, चांगल्या शिकलेल्या इंजिनिअरांच्या तोंडूनही ऐकली. पत्र मात्र आजवर कुणी माझ्यासमोर ठेवलेलं नाही.

मला या गोष्टीचा राग येतो, कारण ती सांगताना आपण एक भयंकर कबुली देत असतो. आपल्या नदीवर, आपल्या काळ्या दगडात, आपल्या वडार-पाथरवटांच्या हातांनी उभ्या राहिलेल्या पुलाची आठवण ठेवणारं कुणीतरी सातासमुद्रापलीकडे आहे आणि इथे तालुक्याच्या कचेरीत कुणी नाही, हे आपण गृहीतच धरतो. त्या पुलांचे नकाशे, अंदाजपत्रकं, मोजमाप पुस्तकं इथल्याच कचेऱ्यांत तयार झाली होती. आठवण इथेच होती. ती इथेच हरवली.

शंभर वर्षांची मुदत हीसुद्धा निव्वळ समजूत आहे. महाडजवळचा सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल १९२८चा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात तो गेला आणि दोन एसटी बस प्रवाशांसकट नदीत गेल्या, तेव्हा त्याचं वय अठ्ठ्याऐंशी होतं. अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ ३ जुलै २०१८ला रेल्वेच्या रुळांवर पडला. तो पूल १९७५चा, म्हणजे त्रेचाळीस वर्षांचा. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं, ते तर विशीच्या आतबाहेरचं. बडोद्याजवळचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ला तुटला, तो १९८५चा. आणि दुसरीकडे १८९२चं तानसा धरण आजही मुंबईला पाणी देतं, १९२६ला पूर्ण झालेलं भंडारदरा शंभरीला येऊनही प्रवरेचं पाणी अडवून उभं आहे. वयावर सगळं अवलंबून असतं तर हा हिशेब उलटा दिसला असता.

वयाने बांधकाम थकतं, यात वाद नाही. पण ते पडतं, ते त्याला ओळखणारं माणूस खात्यात उरत नाही तेव्हा. एवढंच माझं म्हणणं आहे. प्रत्येक दुर्घटनेनंतर जे उपाय मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जातात, ते या ओळखीला वळसा घालून जातात. म्हणून त्यांचा प्रतिवाद करणं भाग आहे.

आधी ओळख म्हणजे काय ते सांगतो. पुलावरच्या रस्त्याचं डांबरीकरण दर काही वर्षांनी होतं. शंभर मीटर लांब आणि सात मीटर रुंद पुलावर पाच सेंटिमीटरचा थर चढवला की पस्तीस घनमीटर माल पडतो, म्हणजे सुमारे ८० टन वजन. जुना थर न खरवडता नवा टाकला तर पाच भरलेल्या एसटी गाड्या त्या पुलावर कायमच्या उभ्या केल्यासारखं होतं. प्रत्येक थराची नोंद त्या त्या कामाच्या मोजमाप पुस्तकात असते आणि बिल निघालं की ते पुस्तक कपाटात जातं. चार थरांची बेरीज करणारं पान कुठेच नसतं. गोखले पुलाच्या बाबतीत रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत गंजलेल्या लोखंडाबरोबरच पदपथावर चढत गेलेल्या केबल, वाळू आणि पेव्हर ब्लॉकच्या ओझ्याचाही मुद्दा आला होता. हे ओझं कुणी एका रात्रीत आणून टाकलं नव्हतं. प्रत्येकाने आपापलं काम नियमाने केलं आणि बेरीज कुणीच केली नाही.

दुसरं उदाहरण पायाचं. पूर चढतो तेव्हा खांबांच्या बुडाशी वाळू-माती खरवडून खोल खड्डा पडतो. पूर ओसरताना त्याच खड्ड्यात गाळ येऊन बसतो. मे महिन्यात पाहणीला गेलं तर नदीचं पात्र सपाट, शांत दिसतं. सावित्रीच्या पुलाची पाहणी २०१६च्याच मे महिन्यात झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असं सरकारनेच दुर्घटनेनंतर सांगितलं. पाहणी करणाऱ्याने डोळे मिटले होते, असं मी म्हणणार नाही. एका पाहणीत पूल दिसतो. पुलाची चाल दिसायला वीस वर्षांच्या पाहण्या एकाखाली एक मांडाव्या लागतात: पात्राची खोली कुठल्या खांबाजवळ किती, ती कधीपासून वाढते आहे, कुठल्या पुरात पाणी कमानीच्या कुठल्या दगडाला लागलं होतं. ही मांडणी ज्याच्याकडे असते तो पुलाला ओळखतो. बाकीचे फक्त पूल पाहून येतात.

आता पहिला उपाय: जुनं झालं आहे, पाडा आणि नवं बांधा. नव्या कामाला निधी मिळतो, नारळ फुटतो, कोनशिला बसते, म्हणून हा उपाय सगळ्यांना आवडतो. पण नवं बांधणारी संस्था तीच विसराळू संस्था असेल तर काय होतं, तेही अंधेरीनेच दाखवलं. नोव्हेंबर २०२२मध्ये गोखले पूल बंद झाला, पाडला गेला, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली. तेव्हा मुंबईकरांना दिसलं की नवा पूल शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा बराच उंच आहे आणि दोन्ही पूल एकमेकांना जुळतच नाहीत. रेल्वेच्या रुळांवरची आवश्यक उंची वाढली होती, हे कारण खरं होतं. पण जो पूल जुन्या पुलाला जोडूनच वापरात होता, त्याच्याशी नव्याचा सांधा कसा बसेल हा प्रश्न उद्घाटनाच्या आधी सुटायला हवा होता. शेवटी व्हीजेटीआय आणि आयआयटीच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन बर्फीवाला पूल जॅकवर उचलून वर घ्यावा लागला. नवं काँक्रीट, नवं पोलाद, नवा ठेका, आणि दुखणं जुनंच. शेजारच्या बांधकामाची आठवण कामात उतरली नव्हती.

उलट, आठवण जागी असलेली संस्था काय करू शकते याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. डिसेंबर १९६७च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले. १९६९मध्ये भंडारदऱ्याला तडे जाऊन गळती वाढली. दोन्ही धरणं पाडून टाका असं कुणी म्हटलं नाही. अभियंत्यांनी मूळ रचना उलगडून पाहिली, भार कुठून कुठे जातो ते पुन्हा मांडलं आणि दोन्ही धरणांना मजबुती दिली. भिंतीचा छेद, दगडी बांधकामाची जात, गळतीच्या जुन्या नोंदी हाताशी नसत्या तर हे काम अंधारात करावं लागलं असतं. अलीकडे मलबार हिलच्या इंग्रजी अमदानीतल्या जलाशयाचा वाद झाला. आधी तो पाडून नवा बांधायचं ठरलं होतं. नागरिकांनी विरोध केला, तज्ज्ञांना आत उतरवलं गेलं, आणि दुरुस्तीने भागेल असं मत पुढे आलं. शेकडो कोटींचा निर्णय आधी होतो आणि आत जाऊन नीट बघणं मागाहून, नागरिकांच्या रेट्याने होतं. पाडण्याचा आग्रह अनेकदा अज्ञानातून येतो. जे आपल्याला कळत नाही ते पाडून टाकणं सोपं वाटतं.

दुसरा उपाय: बाहेरच्या सल्लागाराकडून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, म्हणजे तटस्थ मत मिळेल. १४ मार्च २०१९च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल घरी निघालेल्या माणसांसकट खाली आला आणि सात जीव गेले. त्या पुलाचं ऑडिट झालेलं होतं. किरकोळ दुरुस्ती सुचवून पूल वापरण्याजोगा ठरवण्यात आला होता. नंतर ऑडिटरवर गुन्हा दाखल झाला, अटक झाली. दोष कुणाचा किती, ते न्यायालय ठरवील. मला विचारायचं आहे ते वेगळं: त्या अहवालातलं एखादं वाक्य वाचून, हे कसं शक्य आहे, मागच्या वर्षी तर या तुळईला गंज धरलेला आम्ही पाहिला होता, असं म्हणू शकेल असा माणूस अहवाल स्वीकारणाऱ्या टेबलावर होता का? सल्लागार हवाच. पण सल्लागाराला प्रश्न विचारण्याइतकी ओळख घरात शिल्लक नसेल तर ऑडिट म्हणजे नुसती पावती होते. दुसऱ्याकडून ज्ञान विकत घेण्यासाठीही स्वतःकडे थोडं ज्ञान लागतं.

आणखी एक गोष्ट. सल्लागार बदलतो. दर निविदेला नवी कंपनी येते, नव्याने फोटो काढते, नव्या पद्धतीने शेरे मारते. आधीच्या अहवालात तडा तीन मिलिमीटरचा होता की पाच, हे ताडून पाहण्याची अट बहुतेक कामात घातलेलीच नसते. कच्ची मापं सल्लागाराच्या संगणकात राहतात आणि खात्याकडे येते ती रंगीत छापील प्रत. असे चार अहवाल एकावर एक ठेवले तरी ती चार अनोळखी माणसांची चार मतं असतात, पुलाची प्रकृती त्यांतून कळत नाही. वैद्य दर खेपेला नवा आणि आधीचे कागद कुणाकडेच नाहीत, अशी आपण या पुलांची अवस्था केली आहे.

तिसरा उपाय सध्या सर्वांत जोरात आहे: सेन्सर लावा, सगळं जीआयएस नकाशावर आणा, ॲप काढा. मी यंत्रांच्या विरोधात नाही. सावित्रीच्या दुर्घटनेनंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१६मध्ये, राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची देशव्यापी संगणकीय नोंद सुरू झाली. पावणेदोन लाखांच्या आसपास पूल आणि मोऱ्या त्यात मोजल्या गेल्या, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक मिळाला. हे काम चांगलंच झालं. पण शिरगणती म्हणजे ओळख नव्हे. गावाची माणसं मोजली म्हणून गावातलं कोण आजारी आहे ते कळत नाही.

सेन्सर कुठे लावायचा, हे ठरवायला आधी बांधकाम कुठे दुखतं ते ठाऊक असावं लागतं. इशारा कुठल्या आकड्याला द्यायचा, हे ठरवायला नेहमीचा आकडा कोणता ते ठाऊक असावं लागतं. आणि इशारा आल्यावर पूल बंद करण्याचं धाडस यंत्र करत नाही, माणूस करतो. तेही त्याला स्वतःच्या ओळखीची खात्री असेल तरच. तिवरे धरणाची गळती शोधायला कुठलंही उपकरण लागलं नव्हतं. धरणाखालच्या गावकऱ्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती, तक्रार केली होती. पुणे जिल्ह्यातल्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ला माणसांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जण गेले. तो धोकादायक असल्याचं आधीपासून ठाऊक होतं. या दोन्ही ठिकाणी माहितीची टंचाई नव्हती. माहिती ज्याच्यापर्यंत पोचली त्याने ती स्वतःची मानून पुढे न्यावी, अशी व्यवस्थाच नव्हती. ॲप काढलं असतं तर त्या तक्रारींना क्रमांक मिळाला असता, एवढंच.

नकाशांचंही तसंच. नोव्हेंबर २०२३च्या अखेरीला अंधेरीत मेट्रोच्या कामात ड्रिल मारताना १,८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली आणि पश्चिम उपनगरांचं पाणी तुटलं. माणूस आत चालू शकेल एवढी ती वाहिनी. ती तिथे आहे हे कुठल्यातरी कागदावर होतंच. ड्रिल धरणाऱ्याच्या शेजारी उभं राहून, इथे नको, दोन मीटर अलीकडे घ्या, असं सांगणारं माणूस त्या जागी नव्हतं. ज्ञान कपाटात असून भागत नाही. ते कामाच्या जागी, कामाच्या वेळी हजर असावं लागतं.

आता चौथा युक्तिवाद, आणि तो सर्वांत वजनदार आहे, म्हणून मी त्याला सर्वांत जास्त मान देतो. तो असा: माणसांच्या डोक्यातलं ज्ञान धोक्याचं असतं. मुंबईत कुठल्या गल्लीला कुठल्या वेळी पाणी मिळणार, हे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या चावीवाल्याच्या हातात असतं. कालव्यावर तसाच पाणी सोडणारा पाटकरी असतो. ज्याला ठाऊक त्याची सत्ता, आणि सत्तेला चिरीमिरी चिकटते. एकच माणूस जाणकार असला की तो रजेवर गेला तरी गाडं अडतं. म्हणून माणसावरचं अवलंबन संपवा, कामं ठेक्याने द्या, पद्धती लेखी करा.

यातली वस्तुस्थिती खरी आहे. मी ती पाहिली आहे. पण निष्कर्ष चुकीचा आहे. डोक्यातलं ज्ञान कुणाला दाखवलं जात नाही म्हणून त्याची मक्तेदारी होते. उपाय असा, की ते चार जणांना ठाऊक करावं, लिहून उघड्यावर ठेवावं, आणि ज्याच्याकडून ते आलं त्याचं नाव त्यावर घालावं. आपण केलं उलटं. ज्ञान उतरवून घेण्याआधीच माणूस काढला. रस्त्यांवर प्रत्येकी काही मैलांचा पट्टा सांभाळणारे मैलकुली असत. मोऱ्या साफ करणं, बाजूपट्ट्या भरणं, झाड पडलं तर पहिली खबर देणं हे त्यांचं काम. रोजंदारीवरच्या हजारो माणसांना कालेलकर करारामुळे आस्थापनेवर जागा मिळाली होती. ती पिढी निवृत्त झाली, जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि काम वार्षिक ठेक्यात गेलं. ठेकेदाराचा मजूर यंदा या रस्त्यावर, पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात. त्याला मोरी ओळखायला वेळ कुठला? आणि ठेक्यात लिहिलं नसेल ते त्याने का पाहावं? चावीवाल्याची मक्तेदारी मोडायला निघालेल्यांनी ठेकेदाराची मक्तेदारी आणली, आणि त्याच्याजवळ तर ज्ञानही नाही.

अधिकाऱ्यांचंही पाहा. बदल्यांच्या २००५च्या कायद्याने एका जागी राहण्याचा सर्वसाधारण काळ तीन वर्षांचा ठरवला. एका खुर्चीत हितसंबंध मुरू नयेत, हा हेतू योग्यच आहे. पण तीन वर्षांचा हिशेब धरला तर सावित्रीच्या पुलाच्या आयुष्यात एकोणतीस-तीस अधिकारी येऊन जातात. म्हणजे तेवढ्या वेळा ओळख एका हातातून दुसऱ्या हातात जायला हवी. ती कशी जाते? पदभार देताना खुर्च्या, कपाटं, पंखे, मोजमाप पुस्तकांचे क्रमांक, किल्ल्या हे सगळं मोजून घेतलं जातं. जडवस्तूंच्या नोंदवहीत एक टेबल कमी भरलं तरी सही अडते. त्या उपविभागातले पूल मात्र कुणी कुणाच्या ताब्यात देत नाही. टेबलाची जबाबदारी नावानिशी असते आणि पुलाची पदनामानिशी. पदनामाला आठवण नसते.

कागदांच्या बाबतीतही हाच दोष आहे. आपल्या कचेऱ्यांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि कायम जपायचा वर्ग सोडला तर वर्गाप्रमाणे मुदत भरली की कागद नष्ट करायचा असतो. ही मुदत कागदाच्या प्रकारावरून ठरते. ज्या बांधकामाचा तो कागद आहे ते अजून उभं आहे की नाही, हा प्रश्न कुणी विचारत नाही. पूल उभा असेपर्यंत त्याचा एकही कागद फाडता येणार नाही, एवढा साधा नियम करायला कुठली समिती लागते?

हे सगळं अशक्य, आदर्शवादी आहे असं कुणी म्हणेल. त्यांनी कुठल्याही रेल्वेमार्गावरची लहानशी मोरी जाऊन पाहावी. तिच्यावर क्रमांक रंगवलेला असतो. नदीवरच्या पुलाच्या खांबांवर पुराच्या सर्वोच्च पातळीची आणि धोक्याच्या पातळीची खूण असते. पावसाळा संपला की दर वर्षी सहायक अभियंता प्रत्येक पुलाची तपासणी करून त्या पुलाच्या रजिस्टरमध्ये नोंद करतो, आणि ती नोंद आधीच्या वर्षांच्या नोंदींच्या शेजारी बसते. अधिकारी बदलतात, रजिस्टर बदलत नाही. रेल्वेच्याही चुका झाल्या आहेत, त्याची किंमत मुंबईकरांनी मोजली आहे. पण ही पद्धत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे आणि ती चालते. शाईने चालते. ती रस्त्यावरच्या पुलाला का चालू नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक पुलाला, मोरीला, टाकीला, मुख्य जलवाहिनीच्या प्रत्येक मोठ्या व्हॉल्व्हला क्रमांक असावा आणि तो जागेवर रंगवलेला असावा. प्रत्येक क्रमांकाचं एक पुस्तक असावं. संगणकात असो वा कागदावर. पण एकच असावं, आणि त्यात डांबराच्या थरापासून पुराच्या पातळीपर्यंत सगळ्याची बेरीज एका जागी असावी. बदली झालेल्या अभियंत्याने नव्या माणसाबरोबर निदान पंधरा दिवस प्रत्येक महत्त्वाच्या बांधकामावर उभं राहून ते पुस्तक हाती द्यावं आणि दोघांनी सही करावी. सल्लागाराच्या अहवालाचं पहिलं प्रकरण मागच्या अहवालाला उत्तर देणारं असावं, आणि त्याची सगळी कच्ची मापं खात्याच्या मालकीची असावीत. मैलकुली, पाटकरी, चावीवाला यांच्या जागा भराव्यात, आणि पुस्तकात त्यांच्या तोंडची नोंद त्यांच्या नावाने घ्यावी. आणि जे पडलं त्याच्या चौकशीचा अहवाल मराठीत छापून आयटीआयपासून अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत शिकवावा. एका दुर्घटनेचं ज्ञान माणसांच्या प्राणांनी विकत घेतलेलं असतं. ते कपाटात ठेवणं हा मेलेल्यांचा अपमान आहे.

यातली एकही गोष्ट नव्या उड्डाणपुलाच्या एका खांबाइतकीही महाग नाही. महाग आहे ती सवय.

हे मी इतक्या जोराने लिहितो, कारण एका विसरण्याचा वाटेकरी मीही आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, कनिष्ठ अभियंता असताना, माझ्या हद्दीत घाटाच्या पायथ्याशी एक दगडी मोरी होती. तिच्या कडेच्या भिंतीत, म्हणजे विंग वॉलमध्ये, पाणी झिरपून जाण्यासाठी भोकं ठेवलेली होती, आम्ही त्यांना वीप होल म्हणतो. तिथले मैलकुली निवृत्तीला आलेले होते. ते दर ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, लोखंडी सळई घालून ती भोकं मोकळी करत. मला त्यांनी सांगितलं होतं, साहेब, आषाढात या भोकांतून पाणी येतंय तोवर काळजी नाही. भर पावसात भोकं कोरडी दिसली की समजायचं, पाणी भिंतीच्या मागं तुंबलंय. कुठल्याही पुस्तकात इतक्या थोडक्यात मातीचा आणि पाण्याचा दाब कुणी मला समजावला नव्हता. मी मान डोलावली. पुढे ते निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, माझी बदली झाली. पदभार देताना मी कपाटाच्या किल्ल्या मोजून दिल्या. मोरीबद्दल एक शब्द लिहिला नाही.

काही पावसाळ्यांनंतर ती भिंत फुगून रस्त्यासकट ओढ्यात गेली. रात्रीची वेळ होती, कुणी दगावलं नाही, हे नशीब. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात कारण लिहिलं गेलं: अतिवृष्टी. ते वाचणाऱ्या कुणालाही पावसावरच बोट ठेवावंसं वाटेल. नवी भिंत बांधली तेव्हा तिलाही भोकं ठेवली असतील. ती कधी आणि का मोकळी करायची, हे आता तिथे कुणाला ठाऊक आहे, मला माहीत नाही.

विलायतेहून पत्र येणार नाही. यायला हवं होतं ते पत्र मी लिहायचं होतं, माझ्या जागी येणाऱ्या माणसाला, आणि ते तीन ओळींचं होतं: मोरीच्या वरच्या अंगाच्या भिंतीतली भोकं दर ज्येष्ठात सळईने मोकळी करावीत. भर पावसात ती कोरडी दिसली तर त्याच दिवशी वाहतूक थांबवावी. हे मला मैलकुलींनी सांगितलं, त्यांचं नाव खाली लिहीत आहे.